हेडर फाइल नक्की कुणाची? कोड तपासणाऱ्या टूल्सचा पन्नास वर्षं जुना प्रश्न

आपल्याकडे इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलेल्या अनेकांचा सी भाषेतला पहिला प्रोग्राम साधारण एकाच छापाचा असतो. सर्वांत वर दोन ओळी. एक एसटीडीआयओ.एच, जिला अर्धा वर्ग ‘स्टुडिओ डॉट एच’ म्हणतो, आणि दुसरी कोनिओ.एच. मग स्क्रीन पुसायची, प्रिंटएफ लिहायचं आणि शेवटी गेट-सीएच. टर्बो सीमध्ये हा प्रोग्राम छान चालतो. तोच लिनक्सवर जीसीसीला दिला की सुरुवातीलाच अडतो, कारण कोनिओ.एच तिथे नसतेच. ती सी भाषेच्या प्रमाणात कधीच नव्हती. डॉसवरच्या कंपायलरांनी स्वतःसोबत दिलेली ती फाइल. म्हणजे प्रोग्राम आपण लिहिला, पण त्यातली एक ओळ एका विशिष्ट कंपायलरच्या घरातली होती.

लॅबमध्ये हा प्रश्न ‘ती ओळ काढून टाक’ एवढ्यावर मिटतो. संशोधनात मिटत नाही. तुमच्यापैकी कुणी स्टॅटिक ॲनालिसिस, म्हणजे प्रोग्राम न चालवता त्याचा कोड तपासणं, हा विषय घेणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर एक ओळ दिसण्याची शक्यता भरपूर आहे: ‘एसटीडी-डेफ.एच ही फाइल सापडली नाही’. बहुतेक जण याला इन्स्टॉलेशनची कटकट समजतात, कुठूनतरी एक फाइल आणून ठेवतात आणि पुढे जातात. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे की ही कटकट नाही. हेडर कुणाची, हा प्रश्न सी इतकाच जुना आहे, आणि तुमच्या टूलने त्याचं काय उत्तर दिलंय यावर तुमच्या प्रबंधातल्या निकालांचा तक्ता अवलंबून असतो.

हेडर आली कुठून?

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ ते १९७३ या काळात घडवली. सुरुवातीच्या सीमध्ये हॅश-इन्क्लूड नव्हतंच. रिची यांनी पुढे सीच्या जडणघडणीवर एक निबंध लिहिला, त्यात ते सांगतात की प्रीप्रोसेसर १९७२-७३ च्या सुमारास आला. ॲलन स्नायडर यांचा आग्रह हे त्यामागचं एक कारण, आणि बीसीपीएल व पीएल/१ या भाषांत एक फाइल दुसरीत ओढून घेण्याची सोय होती, ती उपयोगी वाटली, हे दुसरं. पहिल्या प्रीप्रोसेसरला दोनच कामं येत: फाइल आणून जोडणं आणि एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर टाकणं. आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो आणि ‘अमुक असेल तरच हा कोड घे’ अशी अट या गोष्टी नंतर मुख्यतः माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी घातल्या.

इथे एक बारकावा आहे. प्रीप्रोसेसर हा भाषेचा भाग मानला जात नव्हता, ती एक जोडसोय होती. काही वर्षं तर फाइलच्या सुरुवातीला विशिष्ट खूण असेल तरच तो चालवला जाई. त्यामुळे सीचा कंपायलर आणि हेडर यांचं नातं पहिल्यापासून विचित्र आहे. हॅश-इन्क्लूड म्हणजे ‘अमुक मॉड्यूल वापर’ असं कंपायलरला सांगणं नव्हे. ते फक्त ‘त्या फाइलमधला मजकूर उचलून इथे चिकटव’ असं सांगणं आहे. कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधली, कोणत्या आवृत्तीची, हे प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठरतं कंपायलर चालवताना.

याने एवढं काय बिघडतं? एक छोटं उदाहरण घेऊ. समजा कोडमध्ये अशी ओळ आहे:

अ * ब;

हिचा अर्थ काय? ‘अ’ हे व्हेरिएबल असेल तर हा गुणाकार आहे. पण कुठल्याशा हेडरमध्ये टाइपडेफ करून ‘अ’ हे प्रकाराचं नाव म्हणून दिलेलं असेल, तर ही ‘ब’ नावाच्या पॉइंटरची घोषणा आहे. दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे हेडर हातात नसेल तर सीचा कोड ‘थोडा कमी’ समजतो असं नाही, वाक्याचं व्याकरणच लागत नाही. आपण मराठीत ‘पळ’ हे क्रियापद की नाम हे पुढच्या-मागच्या शब्दांवरून ठरवतो. सीमध्ये ते ठरवणारा शब्द दुसऱ्याच फाइलमध्ये असू शकतो.

लिंट: कंपायलरच्या पोटातला तपासनीस

सत्तरच्या दशकात सीची प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल होत असे. एका फाइलमध्ये फंक्शन दोन आर्ग्युमेंट्सचं आणि दुसऱ्या फाइलमधून त्याला तीन दिली, तरी कंपायलर गप्प राही. त्याच सुमारास बेल लॅब्समध्ये युनिक्स पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या मशीनवर नेण्याचं काम चाललं होतं, आणि आजवर चालून गेलेल्या ढिलाया तिथे चालेनात. स्टीव्ह जॉन्सन यांनी त्यांच्या ‘पोर्टेबल सी कंपायलर’लाच बदलून लिंट हे टूल केलं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्ससोबत ते बाहेर पडलं. कपड्यावरचे धागे-पुंजके वेचावेत तशा कोडमधल्या संशयास्पद जागा वेचणारं.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लिंटमध्ये दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, लिंट कंपायलरपासूनच निघालं. त्यामुळे कंपायलरला जी हेडर दिसे तीच लिंटला दिसे. ‘हेडर कुणाची’ हा वाद तिथे उद्भवलाच नाही. दुसरी, लायब्ररीतल्या फंक्शनांचा मूळ कोड लिंटसमोर नसे, म्हणून त्या फंक्शनांची वर्णनं असलेल्या खास लिंट-लायब्ररी फाइली सोबत दिलेल्या असत. म्हणजे तपासणाऱ्या टूलसाठी बाहेरच्या जगाची वेगळी नक्कल करून ठेवायची, ही कल्पना पहिल्याच टूलमध्ये आहे. आज आपण तिला ‘स्टब’ किंवा ‘मॉडेल’ म्हणतो.

काही हेडर कंपायलरच्या, काही लायब्ररीच्या

एक टीम, एक कंपायलर, एक सिस्टिम असेपर्यंत हे निभावलं. ऐंशीच्या दशकात सी सगळीकडे पसरली आणि घर विभागलं गेलं.

१९८९ च्या आन्सी प्रमाणात एक तरतूद आहे, जी बहुतेक विद्यार्थी वाचत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमच नसलेल्या ठिकाणी, म्हणजे एखाद्या छोट्या चिपवरसुद्धा, चार हेडर असल्याच पाहिजेत: फ्लोट.एच, लिमिट्स.एच, एसटीडी-आर्ग.एच आणि एसटीडी-डेफ.एच. का? कारण यांत लायब्ररीचं काही नाहीच. इंट किती बाइटचा, साइझ-टी म्हणजे नक्की कोणता प्रकार, हे फक्त कंपायलरला माहीत असतं. एसटीडीआयओ.एच लायब्ररीची, पण एसटीडी-डेफ.एच कंपायलरची. आपल्या कोडमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी बसतात आणि सारख्याच दिसतात.

यातली एसटीडी-आर्ग.एच सर्वांत बोलकी. प्रिंटएफसारख्या फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट्स देता येतात, ती एकेक करून काढायचे मॅक्रो या हेडरमध्ये असतात. जुन्या मशीनवर सगळी आर्ग्युमेंट्स स्टॅकवर ओळीने ठेवलेली असत. एक पॉइंटर घ्यायचा आणि पुढे सरकवत जायचा, काम झालं. साध्या सीमध्ये हे लिहिता येई. आज एक्स८६-६४ वर लिनक्समध्ये पहिली सहा पूर्णांक आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून जातात. रजिस्टरवर पॉइंटर सरकवता येत नाही. म्हणून आजच्या एसटीडी-आर्ग.एचमध्ये खरं तर काहीच नसतं. ‘हे काम कंपायलरने आतल्या आत करावं’ असं सांगणारी काही खास नावं असतात, त्यांना बिल्टिन म्हणतात. तो कंपायलर नसेल तर त्या नावांना अर्थ नाही.

याच काळात रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी आला, १९८७ मध्ये. तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या युनिक्सवर बसवायचा, तर तिथल्या हेडरमध्ये आन्सीला न चालणाऱ्या गोष्टी असत. त्या फाइली मालकाच्या, त्यांना हात लावता येईना. जीसीसीने तोडगा काढला: बसवताना सिस्टिमच्या हेडर वाचायच्या, दोष सापडले की दुरुस्त केलेली प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि शोधताना आधी तिथे पाहायचं. याला फिक्स-इन्क्लूड्स म्हणतात. मात्र उद्या ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली आणि मूळ हेडर बदलली, तर जीसीसीकडे जुनीच दुरुस्त प्रत राहते आणि ती पुन्हा तयार करावी लागते. अवलंबित्व सांभाळणं म्हणजे काय, याचं हे नेमकं उदाहरण आहे: प्रत काढली की ती ताजी ठेवण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते.

तपासणाऱ्या टूल्सनी काढलेल्या वाटा

आता मुख्य मुद्दा. लिंटसारखं कंपायलरच्या पोटात न राहता, वेगळं उभं राहून दुसऱ्या कुणाच्या कंपायलरसाठी लिहिलेला कोड वाचायचा, तर हेडर कुठून आणायच्या? गेल्या पंचवीसेक वर्षांत संशोधकांनी आणि कंपन्यांनी काढलेल्या वाटा मला पाच दिसतात.

पहिली वाट, कंपायलरचं सोंग घेणं. बर्कली विद्यापीठात जॉर्ज नेक्युला आणि सहकाऱ्यांनी केलेल्या सीआयएल या टूलचा निबंध २००२ चा. त्याच्यासोबत सिली नावाचा एक ड्रायव्हर येतो. मेकफाइलमध्ये जीसीसीच्या जागी सिलीचं नाव टाकायचं. तो जीसीसीचे पर्याय समजून घेतो, प्रीप्रोसेसिंग जीसीसीकडूनच करून घेतो आणि तयार मजकूर स्वतः वाचतो. हेडर खऱ्या मिळतात. पण खऱ्या हेडरमध्ये जीसीसीच्या खास लकबीही असतात, त्या सगळ्या टूलला समजाव्या लागतात.

दुसरी वाट, बिल्डच्या मागे उभं राहून ऐकणं. स्टॅनफर्डमधल्या डॉसन एंगलर यांच्या गटातून कव्हेरिटी ही कंपनी निघाली. त्यांचा अनुभव सांगणारा लेख ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’च्या फेब्रुवारी २०१० च्या अंकात आहे, आणि या विषयात येणाऱ्याने तो सर्वांत आधी वाचावा असं मी म्हणेन. गिऱ्हाइकाची बिल्ड सिस्टिम कशी आहे हे विचारत बसण्यापेक्षा त्यांनी बिल्ड चालू असताना सिस्टिम कॉल पकडले. कंपायलर कोणत्या पर्यायांनी बोलावला जातोय ते टिपलं आणि तीच फाइल तशीच आपल्या टूलला वाचायला दिली. त्यांचा एक निष्कर्ष मनात ठेवण्यासारखा आहे: प्रमाणातली सी भाषा प्रत्यक्षात कुणी लिहीत नाही, आपला कंपायलर जे खपवून घेतो ते लोक लिहितात. आणि जो कोड तुम्हाला पार्स करता येत नाही, तो तपासताही येत नाही.

तिसरी वाट, स्वतःच कंपायलर असणं. क्लँग २००७ मध्ये मुक्तस्रोत झाला. तो कंपायलर आहेच, पण लायब्ररीसारखा रचल्यामुळे त्यावर कुणालाही स्वतःचं टूल बांधता येतं. एक अर्थाने आपण लिंटच्याच वाटेवर परतलो. कोणती फाइल कोणत्या आदेशाने कंपाइल होते, हे एका जेसन फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धतही रुळली. सीमेक ती फाइल थेट देतो, आणि इतर प्रकल्पांसाठी बेअरसारखी टूल्स बिल्ड ऐकून ती तयार करतात. मग तरीही एसटीडी-डेफ.एच का सापडत नाही? कारण त्या जेसनमध्ये फक्त आदेशात उघड लिहिलेले पर्याय असतात. कंपायलर स्वतःच्या मनाने ज्या फोल्डरांत शोधतो ते त्यात नसतात. क्लँगवर बांधलेलं टूल अशा वेळी स्वतःच्या जागेवरून अंदाज बांधतं: मी ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याच्या एक पायरी वर जा, तिथून लिब, मग क्लँग, मग आवृत्तीचा आकडा, मग इन्क्लूड. तुम्ही टूलची एक्झिक्युटेबल उचलून घरच्या फोल्डरमध्ये ठेवलीत, की हा पत्ता चुकतो. आणि तिथे जीसीसीची हेडर किंवा क्लँगच्याच दुसऱ्या आवृत्तीची हेडर टाकून भागेल याची खात्री नाही, कारण त्यांतले बिल्टिन वेगळे असू शकतात. क्लँगडी या टूलने आणखी एक सोय दिली: तुम्ही परवानगी दिलेल्या कंपायलरला ते प्रत्यक्ष चालवून विचारतं की बाबा, तू कुठे शोधतोस? परवानगी का, तर जेसनमध्ये लिहिलेलं कुठलंही प्रोग्राम आंधळेपणाने चालवणं धोक्याचं.

चौथी वाट, स्वतःच्या हेडर बाळगणं. फ्रान्समधलं फ्रामा-सी हे टूल प्रमाण लायब्ररीच्या स्वतःच्या हेडर घेऊन येतं, आणि त्यांत प्रत्येक फंक्शनने काय करायचं याचं औपचारिक वर्णनही असतं. लिंट-लायब्ररीचीच ही प्रौढ आवृत्ती म्हणा. दुसऱ्या टोकाला पायसीपार्सर आहे. पायथनमधला हा छोटा पार्सर नुसत्या नावापुरत्या, ‘खोट्या’ हेडर देतो. त्यांत टाइपडेफ आणि मॅक्रो जेमतेम असतात, मघाचा ‘अ * ब’ नीट वाचता यावा एवढेच. व्याकरण लागतं, अर्थ मात्र आपण सोडून दिलेला असतो.

पाचवी वाट, हेडरशिवाय जगणं. लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये एकसारखे बदल करण्यासाठी बनलेलं कॉक्सिनेल कोड प्रीप्रोसेस न करताच वाचतं, कारण त्याला बदल मूळ कोडमध्येच करून द्यायचा असतो. मॅक्रो उलगडून गेलेला मजकूर त्याच्या उपयोगाचा नाही. २०१४ मध्ये फाबियान यामागुची आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं योर्नही असंच: बिल्ड होत नसलेला, अर्धवट कोडसुद्धा ते पार्स करतं आणि जे कळत नाही ते ओलांडून जातं.

याशिवाय हा प्रश्नच मैदानाबाहेर ठेवण्याची एक पद्धत आहे. सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशनची एसव्ही-कॉम्प ही स्पर्धा २०१२ पासून भरते. पुण्याच्या टीसीएस रिसर्चचं व्हेरीॲब्स हे टूलही तिच्यात उतरलेलं आहे. तिथले कितीतरी प्रोग्राम आधीच प्रीप्रोसेस करून दिलेले असतात आणि मशीन ३२ बिटचं धरायचं की ६४ बिटचं हेही सांगितलेलं असतं. त्यामुळे सगळ्यांना एकच मजकूर मिळतो आणि तुलना न्याय्य होते. पण त्या मजकुरात एका सिस्टिमच्या हेडर कायमच्या गोठलेल्या असतात, हे विसरू नये.

निकालाचं काय होतं?

या पाच वाटांमधली कुठलीही चूक नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण कुठल्या वाटेने आलो हेच माहीत नसतं.

असर्ट घ्या. ‘हा पॉइंटर रिकामा नाही’ असं असर्टमध्ये लिहिलं आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर वापरला. खऱ्या असर्ट.एचमध्ये अट खोटी ठरली की ज्या फंक्शनकडे जायचं, त्यावर ‘इथून परत येत नाही’ अशी खूण असते. ती खूण वाचून टूलला कळतं की पुढच्या ओळीपर्यंत पोचलो, म्हणजे पॉइंटर रिकामा नाही. तुम्ही खोट्या हेडरमध्ये असर्टला रिकामा मॅक्रो केलंत, तर टूलला ही माहिती मिळणारच नाही. ते इमानेइतबारे दोष दाखवेल, आणि तुम्ही तक्त्यात लिहाल की या टूलचे फॉल्स पॉझिटिव्ह फार आहेत. टूल बरोबर होतं. त्याला दिलेलं जग खोटं होतं.

उलट दिशेची चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. हेडर सापडली नाही की क्लँग गंभीर एरर देतो आणि त्यानंतरच्या बहुतेक तक्रारी छापतच नाही. फाइल अर्धवट वाचलेली राहते. तुमची स्क्रिप्ट पाचशे फाइलींवर लूप लावून फक्त ‘दोष किती’ एवढंच मोजत असेल, तर अशा फाइलीसमोर शून्य येईल. शून्य दोष सापडले आणि शून्य ओळी तपासल्या, हे दोन शून्य तक्त्यात सारखेच दिसतात.

तुमच्या कामासाठी

यातून काही सवयी मी सुचवीन. एक, निकाल मोजण्याआधी किती फाइली विनातक्रार पार्स झाल्या तो आकडा काढा, आणि पेपरमध्ये तो दोषांच्या आकड्याशेजारी द्या. दोन, कंपायलरला विचारायला शिका. जीसीसी आणि क्लँग दोघांनाही कॅपिटल एच हा पर्याय दिला की कोणती हेडर कुठून आली त्याची उतरंड दिसते. कॅपिटल एम दिला की अवलंबित्वांची यादी मिळते. स्मॉल व्ही दिला की शोधायचे फोल्डर कळतात. हाच प्रश्न तुमच्या टूललाही विचारा आणि दोन याद्या शेजारी ठेवून पाहा. तीन, कंपायलरची, लायब्ररीची आणि प्रकल्पाची हेडर असे तीन गट मनात वेगळे ठेवा. प्रकल्पाची हेडर प्रकल्पासोबत येते, लायब्ररीची ज्या सिस्टिमसाठी बिल्ड आहे तिथून, आणि कंपायलरची हेडर जो पार्सर वाचणार आहे त्याच्याच आवृत्तीची हवी. चार, खोट्या हेडर वापरल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि त्या फाइली कोडसोबत प्रसिद्ध करा. दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करायचा असेल, तर अल्गोरिदमइतकीच त्यांचीही गरज पडेल.

आणि एखादा पेपर वाचताना ‘आमच्या टूलने अमुक लाख ओळी तपासल्या’ असं दिसलं, तर पेन्सिलने समासात एक प्रश्न लिहून ठेवा: या ओळी वाचताना हेडर कुणाच्या होत्या? उत्तर पेपरमध्येच सापडलं तर लेखकांनी काम काळजीपूर्वक केलंय. नाही सापडलं, तर तुमच्या पहिल्या प्रयोगाची जागा कदाचित तिथेच आहे.